सिस्टरांची बिननावाची पेशंट

आमच्या तळमजल्यावरच्या सिस्टरांइतका बिननावाच्या गोष्टींचा तिटकारा असलेलं माणूस अख्ख्या मावळात दुसरं नसेल, आणि असलंच तर त्याचंही नाव सिस्टरांनीच ठेवलेलं असणार. मावळातल्या एका उपकेंद्रावर त्यांनी चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली. तिथल्या जन्माच्या रजिस्टरात ‘बाळाचे नाव’ असा एक रकाना होता. गावची रीत अशी की बाराव्या दिवशी बारसं, त्याआधी नाव नाही. बाळंतीण मात्र तिसऱ्या दिवशी घरी जायची. मग रकाना कोरा राहायचा आणि तपासणीला आलेले साहेब त्या कोऱ्या जागेभोवती लाल शाईने गोल करून जायचे. दोन वर्षं सिस्टरांनी ते लाल गोल सोसले. नंतर त्या नाळ कापता कापताच नाव ठेवू लागल्या. बारशाला आत्यांनी बाळाच्या कानात काय सांगितलं ते त्यांचं त्यांना, कागदावर सिस्टरांचंच नाव लागायचं आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच चढायचं. एका आषाढात उपकेंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती आणि सिस्टरांना नवीन काही सुचायला उसंत नव्हती, तेव्हा त्या महिन्यात जन्मलेल्या सगळ्या मुली वर्षा झाल्या. आजही भाजे गावात उभं राहून सिस्टरांनी ‘वर्षा’ अशी हाक मारली की तीन घरांतून तीन बायका बाहेर येतात आणि तिघींचंही बरोबर असतं.

निवृत्त होऊन त्या लोणावळ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या. बाळं संपली, सवय राहिली. सोसायटीची पाण्याची मोटर शकुंतला झाली, गच्चीवरची गळती इंदू झाली, आणि फाटकासमोरचा खड्डा, जो दर उन्हाळ्यात बुजवतात आणि दर पावसाळ्यात परत येतो, त्याचं नाव त्यांनी चिरंजीव ठेवलं. आमचे सेक्रेटरी आता प्लंबरला फोन करून सरळ सांगतात की शकुंतला सकाळपासून धापा टाकतेय. प्लंबरही काही न विचारता येतो.

माझी त्यांची ओळख जिन्यात झाली. मी आईबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहते आणि एका कंपनीचं काम घरूनच करते. त्यामुळे दिवसचे दिवस कोणाशी बोलावं लागत नाही, आणि ही सोय मला मनापासून आवडते. सिस्टरांनी पहिल्याच भेटीत मला जिन्याच्या वळणावर अडवलं, अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आत बघितलं आणि सांगितलं की रक्त कमी आहे, बोलत नाहीस ते त्याच्यामुळे, रोज बीट खा. त्यांना नाही म्हणण्यापेक्षा बीट खाणं सोपं होतं, म्हणून मी दोन महिने बीट खाल्लं. रक्त वाढलंही असेल, बोलणं होतं तेवढंच राहिलं. तो उपाय फसल्यावर त्यांनी दुसरा काढला. मी इंग्लिश मीडियमची आहे हे त्यांना आईकडून कळलं होतं. त्यांनी मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायच्या कामावर नेमलं. ते पुस्तक म्हणजे रानफुलं ओळखायची सूची होती आणि ती लागायचं कारण म्हणजे मागच्या अंगणातली एक पेशंट.

अंगण म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची, लोखंडी जाळी लावलेली चार हात जागा. तिथे सिस्टरांनी दुसरं उपकेंद्रच थाटलं होतं. सलाईनच्या स्टँडवर वेली चढलेल्या, रिकाम्या सलाईनच्या बाटल्यांतून जास्वंदीला थेंब थेंब पाणी चाललेलं, आणि प्रत्येक कुंडीला सुतळीने बांधलेला एक केसपेपर. जास्वंदीच्या केसपेपरवर ‘भूक मंद’ असं होतं. कढीपत्त्याच्या केसपेपरवर ‘नातेवाईक फार त्रास देतात’ असं लिहिलं होतं, ते आम्हा शेजाऱ्यांना उद्देशून. मोगऱ्याला कळी आली की सिस्टर कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहायच्या आणि हलक्या आवाजात म्हणायच्या, डोकं दिसतंय, आता घाबरायचं नाही. या सगळ्यांत एकाच केसपेपरची पहिली ओळ कोरी होती. त्यावर एवढंच होतं: नाव, आणि पुढे रेघ. लिंग स्त्री. अवस्था जिवंत.

ही पेशंट त्यांना बेडसे गावात मिळाली. तिथे एका बारशाला त्यांना बोलावलं होतं. पाळणा सजला, बायका जमल्या, आणि सिस्टर तोवर जरा लेणी बघून येते म्हणून वर गेल्या त्या लवकर आल्याच नाहीत. चप्पल निसटली म्हणून वाकल्या, तर पायऱ्यांच्या बाजूच्या कातळावर, रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगाला अगदी चिकटून, शर्टाच्या बटणाएवढं जांभळट निळं फूल. पानं गवतासारखी, उंची वीतभर. गावातल्या लोकांनी सांगितलं की केना आहे, शेतात ढिगाने उगवतो. पण केना सिस्टरांना चांगला माहीत होता. केन्याला दोन पाकळ्या मोठ्या आणि एक नावापुरती असते, आणि फूल घडी घातलेल्या होडीसारख्या पानातून बाहेर येतं. हिच्या तिन्ही पाकळ्या सारख्या होत्या आणि होडी नव्हती. म्हणजे केना नव्हे, केन्याची कोणीतरी लांबची नातेवाईक. नाव कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी खडी पसरणार होते, तेव्हा सिस्टरांनी पर्समधल्या चमच्याने तीन गड्डे उकरले, घुगऱ्यांसाठी आणलेल्या डब्यात घातले आणि तशाच चिखलाच्या हातांनी पाळण्याला झोका द्यायला गेल्या. बाळाच्या आजीने त्यांना हात धुवायला लावले. त्याबद्दल सिस्टरांना अजून राग आहे.

पहिला गड्डा जलसंजीवनीने गेला. पानं कोमेजलेली दिसली म्हणून सिस्टरांनी लिटरभर पाण्यात चिमूट मीठ आणि मूठभर साखर घालून दर दोन तासांनी पाजलं. चौतीस वर्षं हे औषध कधी वाया गेलं नव्हतं. इथे दोन दिवसांत मुंग्या आल्या आणि तिसऱ्या दिवशी पेशंट गेली. दुसरा गड्डा लाडाने गेला. त्याला काळी माती, शेणखत, सावली, सगळं मिळालं. पानं हातभर वाढली, फूल आलं नाही, आणि श्रावणात मुळं कुजली. मग सिस्टर परत बेडशाला गेल्या, आणि जिथे ती उगवली होती त्याच्या शेजारच्या कातळाच्या भेगेत हात घालून बघून आल्या. माती फक्त दोन बोटं, खाली दगड, आणि पाणी कुठेही न थांबता उताराने पळणारं. त्या मला म्हणाल्या, ‘मी तिला माहेरपणाला आलेल्या मुलीसारखं जेवायला घालत होते गं. तिला उपाशी राहायची सवय आहे.’

तिसऱ्या गड्ड्यासाठी त्यांनी बाळाच्या आंघोळीचा जुना प्लॅस्टिकचा टब काढला, त्याला तापवलेली सळई घालून भोकं पाडली, खडी आणि मुरूम भरला, वर दोन बोटं माती पसरली आणि टब दोन विटांवर तिरका ठेवला, कारण तिथे उतार होता. टब तिरका बघून आमचा वॉचमन रोज सकाळी सद्भावनेने सरळ करायचा. सिस्टर रोज सकाळी परत तिरका करायच्या. यावर दोघांपैकी कोणीही कधी एकमेकांशी बोललं नाही. पावसाळा संपल्यावर पानं वाळून गेली तेव्हा सिस्टरांनी मला खाली बोलावून गंभीरपणे सांगितलं की गेली. पण माती बाजूला केली तर खाली शेंगदाण्याएवढे बारीक गड्डे टणक होते. झोपली होती. कातळावरच्या अशा कंदांना जूनपर्यंत एक थेंबही द्यायचा नाही असं पुस्तकाच्या प्रस्तावनेतून मीच त्यांना वाचून दाखवलं. ज्यांना रिकामा पेला बघवत नाही त्यांना हे फार जड गेलं. शेवटी त्यांनी टब पलंगाखाली ढकलला आणि त्यावर स्वतःच्याच सहीचा कागद लावला: पाणी देऊ नये, हुकमावरून.

पुढच्या पावसाळ्यात ती फुलली आणि खरा गोंधळ सुरू झाला. हे फूल सकाळी साडेअकराच्या सुमारास उघडतं, दीडच्या आत मिटतं, आणि मिटल्यावर त्याचं अक्षरशः पाणी होतं. बोट लावलं की निळसर ओल. ते उघडं असताना ओळखायचं, तेही आत भिंगाने पुंकेसर मोजून. सिस्टरांनी जाळीवर कात्री वाजवायची पद्धत ठरवली. एक टोला म्हणजे कळी हलली, दोन म्हणजे लगेच खाली ये. कित्येकदा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना दोन टोले पडायचे आणि मी नेटवर्क गेल्याचं सांगून पुस्तक घेऊन धावत सुटायचे. पुस्तकात प्रश्न असायचे, आणि उत्तर होय असेल तर अमुक प्रश्नावर जा, नाही असेल तर तमुक. मी शाळेत बारा वर्षं इंग्रजी शिकले, पण त्यात पानाच्या देठावरच्या लवीला सात शब्द आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं. मी अर्थ शोधेपर्यंत दीड वाजायचा आणि फूल विरघळायचं. एकदा आम्ही नेटाने शेवटपर्यंत गेलो, तर पुस्तकाने तिला बांबू ठरवलं.

मग कोणाच्या तरी ओळखीने पुण्यातले एक सर मिळाले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, आणि आयुष्यभर केन्याच्याच कुळाचा अभ्यास केलेले. फोटोवरून सांगता येणार नाही, फूल आणा, असं ते म्हणाले. सिस्टरांनी लस न्यायचा निळा डबा काढला, त्यात बर्फाच्या चार पिशव्या, मध्ये कापसाच्या घड्यांवर एक उघडं फूल, आणि डबा खांद्याला लावून एसटीने पुणं गाठलं. वाटेत कोणीतरी पोलिओचा डोस आहे का विचारलं, त्याला त्यांनी तारीख सांगितली. सरांनी डबा उघडला तेव्हा कापसावर एक निळा थेंब होता. सर चांगले होते. हे फूल असंच करतं, कागदात दाबलं तरी नुसता डाग उरतो, असं म्हणून त्यांनी सिस्टरांना चहा पाजला. पुढच्या खेपेला सिस्टर अख्खा टब रिक्षात घालून घेऊन गेल्या, रिक्षातही तिरकाच. पेशंटने सरांच्या टेबलावर पाच तास तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी लोणावळ्यात साडेअकराला उघडलं. तेव्हा मात्र सरांनी हात टेकले आणि पुढच्या श्रावणात एका शनिवारी स्वतः येतो म्हणून कबूल केलं.

तो श्रावण यायच्या आधी सुरतेहून सिस्टरांच्या मुलाचा फोन आला. इथे एकटी राहू नकोस, दिवाळीनंतर आमच्याकडेच ये. चौदाव्या मजल्यावर घर, बाल्कनीला काचा. सिस्टरांनी वाद घातला नाही. बदलीची ऑर्डर आल्यासारखं त्यांनी ते घेतलं, भांडी वाटायला काढली, स्टँड आमच्या गच्चीवर पाठवले, प्रत्येक कुंडीला बिल्डिंगमध्ये घर बघून दिलं. एका संध्याकाळी टबाजवळ बसून त्या म्हणाल्या, ‘बाकी सगळ्यांचं मार्गी लागलं. हिचा रकाना कोरा ठेवून मी जाऊ कशी?’ त्या दिवसापासून मी कात्री वाजायच्या आधीच खाली जाऊ लागले.

ठरलेल्या शनिवारी टबात एकच तुरा उरला होता आणि त्यात दोन कळ्या. सिस्टर दहा वाजता सरांना आणायला स्टेशनवर गेल्या. जाताना मला टबासमोर खुर्ची दिली, हातात कात्री दिली आणि डोळ्याची पापणी लववायची नाही असं सांगितलं. पावणेअकराला मागच्या दाराने एक बाई आल्या. तिशीच्या, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात पिशवी. भाजे गावच्या त्या तिघींमधली एक वर्षा. सिस्टर कुटं गेल्या, असं त्यांनी विचारलं आणि मी स्टेशनच्या दिशेला बोट दाखवलं. मग त्याच सांगू लागल्या. श्रावणातला शनिवार, केना-कुर्डूच्या भाजीचा नैवेद्य असतो, म्हातारं माणूस एकटं, त्यांना कोण करून घालणार, म्हणून येताना कुर्डू आणला. पण केना मिळाला नाही, कारण आता सगळे शेतात तणाचं औषध मारतात. एवढं बोलून त्यांनी अंगणाकडे पाहिलं. ‘हितं तर लय केना हाय की,’ त्या म्हणाल्या.

होताच. फरक कळावा म्हणून सिस्टरांनी दोन कुंड्यांत मुद्दाम साधा केना लावला होता. वर्षाने तो खुडला तेव्हा मला काही वाटलं नाही. मग त्या टबाकडे वळल्या. त्या क्षणी मी वाक्य जुळवायला घेतलं. त्यांना ताई म्हणावं की मावशी? तिशीच्या बाईला मावशी म्हटलं तर राग येतो, असं आई म्हणते. पण कागदाखाली डोक्यावर पदर होता. ‘खुडू नका’ बरोबर की ‘तोडू नका’? ‘प्लीज’ आधी की नंतर? मी ताई पक्कं केलं, ‘खुडू नका’ पक्कं केलं, आणि तोवर शेंडे पिशवीत गेले होते. तरी मी म्हणाले, ‘ताई’. त्यांनी वळून इतक्या प्रेमाने ‘काय गं बाय’ विचारलं की मी म्हणाले, ‘पाणी देऊ?’

त्या पाणी प्यायल्या आणि आत जाऊन त्यांनी हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली. मी पाऊण तास मोकळ्या टबावर पहारा दिला. पापणी लववली नाही.

शनिवार म्हणून मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी गाव तुंबलं होतं. सिस्टर आणि सर रिक्षा सोडून पावसातून चालत पावणेबाराला पोचले. सरांची पॅंट गुडघ्यापर्यंत भिजली होती, चिरंजीवात पाय पडल्यामुळे. सिस्टरांनी टब बघितला, गॅसवरची कढई बघितली, मग मला बघितलं. त्या ओरडल्या नाहीत. घड्याळ बघून त्यांनी वर्षाला विचारलं, ‘किती वाजता खुडलंस?’

‘झाला की पाऊण तास. बारीक पानाचा केना व्हता, कवळा. दरवर्साला आमी खातो तो,’ वर्षा म्हणाली.

‘आणि फूल?’

‘फूल कुटं घालत्यात भाजीत? तुरा टाकला देठासंगं.’

निवडलेल्या देठांचा कागद मोरीजवळ होता. सिस्टरांनी हात धुतले, चिमटा उकळत्या पाण्यातून काढला आणि त्या ढिगाऱ्यात शोध सुरू केला. आम्ही तिघं मागे उभे. पहिली कळी चिरडलेली निघाली. दुसरी शाबूत होती. त्यांनी तो तुरा पाण्याच्या वाटीत उभा केला, वाटी खिडकीच्या उजेडात ठेवली आणि सगळ्यांना जमिनीवर बसायला सांगितलं. खोकायचं नाही. सर खोकणार होते, ते बाहेर जाऊन खोकून आले. वर्षाला एव्हाना कळलं होतं की आपल्या हातून काहीतरी भलतं झालं आहे, आणि ती पदर तोंडात धरून ‘मला काय ठावं’ एवढंच पुटपुटत होती. सिस्टर वाटीशी वाकून बोलत होत्या, की घाई करायची नाही, श्वास घ्यायचा, बाहेर कोणी ओरडत नाहीये. मग मान न वळवता त्यांनी मला विचारलं, ‘तू बघत होतीस ना?’

‘हो.’

‘मग थांबवलं का नाहीस?’

‘ताई म्हणावं की मावशी, ते कळेना.’

 सिस्टर म्हणाल्या, ‘वर्षा म्हणायचं. नाव कशासाठी ठेवते मी?’

बारा वाजून दहा मिनिटांनी कळी हलली. आधी एक पाकळी, मग दुसरी, आणि तिसरी जराशी आढेवेढे घेत. सर भिंग घेऊन जवळजवळ वाटीत उतरले. तीन पुंकेसर परागांचे आहेत, ते बोलले, आणि तीन वांझ.

‘सर, वांझ नाही म्हणायचं,’ सिस्टर म्हणाल्या. ‘चौतीस वर्षांत मी कोणाला म्हटलं नाही. अजून वेळ आलेली नाही असं लिहा.’

सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत खरंच काहीतरी खोडून परत लिहिलं. मग त्यांनी जाहीर केलं: मर्डानिया. हे तर तापाचं नाव वाटतंय, असं सिस्टरांचं मत पडलं. सरांनी समजावलं की हे नाव नव्हे, एका परीने आडनाव आहे. या आडनावाच्या बऱ्याच जणी आहेत आणि यातली ही कोणती ते बिया बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. बोंडाच्या प्रत्येक कप्प्यात किती बिया, एका ओळीत की दोन, त्यावर सगळं ठरतं. बोंडं कुठे आहेत? सगळ्यांनी एकदमच कढईकडे बघितलं. आधी फुलून गेलेल्या तुऱ्यांची बोंडं हिरवी आणि कोवळी होती म्हणून वर्षाने ती मात्र टाकली नव्हती.

सर बराच वेळ कढईत डाव फिरवत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि ताट मागितलं. या कुळाचा अभ्यास करण्यात माझं आयुष्य गेलं, ते म्हणाले, पण चव कशी असते ते आज कळणार. त्यांनी दोनदा वाढून घेतली. आम्ही सगळ्यांनीच खाल्ली, नैवेद्याची होती. जरा तुरट लागते. जेवण झाल्यावर सिस्टरांनी ओळीने सगळ्यांचं ब्लडप्रेशर घेतलं आणि पेशंटच्याच केसपेपरवर लिहून ठेवलं. वर्षाने निघताना टबातली माती दाबून पाहिली आणि म्हणाली, ‘मुळं हायेत. येतंय परत, तुमी काळजी नका करू.’

पेशंट त्या मोसमात परत उगवली नाही. दिवाळी झाली, सुरतेहून मुलगा गाडी घेऊन आला. टब बरोबर न्या असं मी सुचवून पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, ‘बदली झाली की पेशंट बरोबर नेत नाहीत बाळ. चार्ज द्यायचा असतो.’ त्यांनी रीतसर चार्ज दिला. केसपेपरवर माझी सही घेतली, खाली त्यांची केली. पहिल्या ओळीत आडनाव लिहून झालं होतं, त्याच्या आधीची जागा कोरी होती.

यंदा जूनमध्ये टबात हिरवी टोकं दिसली आणि मी स्वतःहून फोन केला. तेव्हापासून रोज बाराला फोन होतो. मी मोबाईल टबावर धरते. सिस्टर चौदाव्या मजल्यावरून पानं मोजायला लावतात, फूल बघतात, मग वर्षा शनिवारी आली होती का, आईचे गुडघे कसे आहेत, तू काय जेवलीस, असं करत करत कधी पाऊण तास होतो. तिकडे त्यांच्या बाल्कनीत काही नाही. समोर दुसऱ्या इमारतीच्या काचा आहेत. तिथल्या लिफ्टचं नाव त्यांनी ठेवलं होतं, पण सून म्हणाली की लोक हसतात, म्हणून सोडून दिलं, असं त्यांनी एकदा सांगितलं. दिवसभरात मी जेवढं बोलते त्यातलं बहुतेक त्या पाऊण तासात बोलते.

ऑक्टोबरमध्ये बोंडं पिकली. फुटायच्या आत मी त्यांना कागदाच्या पुड्या बांधल्या. एक उघडून बिया भिंगाखाली मोजल्या, बाकीच्या पाकिटात घातल्या आणि पाकिटावर सरांचा पत्ता लिहिला. पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. सरांचा एकदा फोन आला होता, त्यांना मी अजून थोडे दिवस लागतील असं सांगितलं. टबातली पानं आता वाळली आहेत, त्यामुळे फोन आला की मी मोबाईल भिंतीकडे धरते आणि आज उजेड बरोबर नाही असं म्हणते.

काल सिस्टरांनी विचारलं, ‘पिकल्या का गं बिया?’

‘अजून हिरव्याच आहेत सिस्टर,’ मी म्हणाले.

चौतीस वर्षं त्या दिवस मोजत आल्या आहेत, कोणाला किती वेळ लागतो ते त्यांना बोटांवर माहीत असतं.  त्या म्हणाल्या, ‘असू दे. उद्या परत बघ. मी बाराला फोन करते.’